किल्ल्याचा दरवाजा उघडणारा

रविवार, १४ ऑगस्ट. संध्याकाळ.

बाबांचं तेरावं झाल्यावर आज पहिल्यांदाच शेजारच्या सावंतकाकांकडे ती जुन्या जपानची मालिका पाहायला गेलो. वेढ्यात अडकलेल्या किल्ल्यात पोरं उपाशी होती, म्हणून एका सामुराईने शत्रूला दरवाजा उघडून दिला. किती हळू उघडला, कडीचा आवाज होऊ नये म्हणून.

"गद्दार साला!" काका ओरडले. "अजून थोडं थांबायचं ना!"

"थांबून काय खायचं, माती?" काकू म्हणाल्या.

मग दोघांचंही माझ्याकडे लक्ष गेलं.

संप चालू असताना बाबा मिलमध्ये परत गेले. पहाटे आमची कडी ते अशीच हळू काढायचे. तरी संपावर असलेल्या काकांना कळलंच. तेव्हापासून त्यांनी बाबांशी बोलणं टाकलं, ते शेवटपर्यंत. खांदा द्यायला मात्र तेच पुढे आले.

"त्या पोरांचं काय झालं असेल, काका?" मी विचारलं.

"जेवली असतील. अजून काय?"

"मीही जेवलो होतो, काका. पोटभर."

काकांनी उठून टीव्ही बंद केला. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

एवढं मी बाबांसमोर कधी का बोललो नाही?