माणगावला रोज ताजी फुलं

३ फेब्रुवारी, सकाळी
अनुयाला माहेरी जाऊन महिना होत आला. सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं म्हणून गेली. मी गेलो नाही, ऑफिसात ऑडिट होतं. पण ड्रायफ्रूटचा डबा कुरियर केला होता. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. फोन केला की बिझी आहे म्हणते. निश्चय: तिला परत आणायचं. फुलांनी.

संध्याकाळी
ऑनलाइन बुकेवाले माणगावला डिलिव्हरी देत नाहीत. हसू आलं. मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात डिस्पॅच बघतो. ट्रकच्या ट्रक सळया पाठवणाऱ्याला मूठभर फुलं जड? एका ड्रायव्हरकडून तिथल्या स्टँडजवळच्या शिवा फुलवाल्याचा नंबर काढला. सांगितलं, रोज सकाळी ताजी फुलं, माझ्या सासऱ्यांच्या घरी पोच. म्हणाला, नानांचं घर ना, ठाव हाय, उद्यापासनं चालू. नाव कोणाचं सांगू म्हणाला. सांगू नको म्हटलं. ती ओळखेल.

५ फेब्रुवारी
फोन नाही. वेळ द्यायला हवा.
शेजारचा जुडाह लिफ्टमध्ये म्हणाला, अरे, माणगाव काय इस्रायलला आहे? गाडी काढ आणि जा की. त्याचे दोन्ही भाऊ इस्रायलला, त्याला सगळंच जवळ वाटणार. गाडीचं सर्व्हिसिंग राहिलंय. शिवाय हायवेचे खड्डे.

८ फेब्रुवारी
शिवाला विचारलं, फुलं ताजी असतात ना? म्हणाला, दादा, दवासकट देतो. घेताना तिचा चेहरा कसा होतो, तेही आडून विचारलं. म्हणाला, कोन भेटतच नाय, पुडी फाटकाला अडकवतो नि जातो. म्हणजे कोणी बघायच्या आत ती उचलत असणार. लग्नाआधीही लाजायची.
'पुडी' जरा खटकलं. तिकडे बुकेला तसं म्हणत असतील.

११ फेब्रुवारी
सासरच्या ग्रुपवर नाना, म्हणजे सासरे, रोज देव्हाऱ्याचा फोटो टाकतात. मी कधी उघडत नाही. आज उघडला. जास्वंद, तगर, झेंडू, दूर्वा. माझीच फुलं! (दूर्वा बहुधा बुकेत हिरवळ म्हणून.) अनुयाने ती थेट देवाला वाहिली. नवऱ्याला याहून मोठा मान कोणता?
घर आवरायला घेतलं. सोफ्यापर्यंत झालं.

१४ फेब्रुवारी
आज खास दिवस. शिवाला लाल गुलाब घालायला सांगितलं. दुपारी फोटो आला. सगळे गुलाब गणपतीला. एकही कमी नाही.
एखादा तिने केसात माळायला काय हरकत होती? दिवसभर बेचैन. ऑफिसात डिलिव्हरी चलनावर ट्रकचा नंबर चुकीचा टाकला, बोलणी खाल्ली.

१८ फेब्रुवारी
ठरलं. रविवारी जाणार. नक्की.

२३ फेब्रुवारी, रविवार
गेलो नाही. जुडाहला पोट बिघडल्याचं सांगितलं. पोट ठणठणीत आहे. दार उघडून ती काय म्हणेल, याची भीती वाटते. हे फक्त इथे.

२६ फेब्रुवारी
सकाळी शिवाचा फोन. दादा, दहा दिस फुलं बंद, त्यांना सोयर हाय. मी म्हटलं, कसलं सोयर? तर म्हणाला, उदयसिंहला पोरगी झाली, आख्ख्या आळीत पेढे वाटले, तुमाला नाय ठाव? उदयसिंह माझा सख्खा मेहुणा. त्याच्या बायकोला दिवस गेलेत हे अनुयाने सांगितलं होतं. बहुतेक.
नानांना फोन लावला. अभिनंदन केलं, फुलांचंही सांगितलं. नाना म्हणाले, अहो, फुलपुडी तुम्ही लावली होती होय? आम्हाला वाटलं उदयने. पूजा मोठी छान व्हायची हो.
मग अनुया फोनवर आली. म्हणाली, फुलं माझ्यासाठी होती हे मला कोणी सांगायचं? गणपतीने?
मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, आई पडली तेव्हा तू येशील म्हणून रोज फाटकाकडे बघायचे. आता नाही बघत. खारघरच्या कॉलेजातल्या नोकरीचा राजीनामा पाठवलाय. माझं सामान न्यायला उदय येईल.
मी म्हटलं, उद्याच येतो. म्हणाली, आत्ता घरात गडबड आहे, पाहुण्यांना बारशाला बोलावलंय.
फोन ठेवल्यावर रडू आलं. चांगलंच आलं.
संध्याकाळी शिवाने विचारलं, सोयर फिटल्यावर पुडी परत चालू ना? हो म्हटलं. त्या घरात आता माझं तेवढंच जाईल.