आतल्या रेघा

सोम., ३ फेब्रु.
ऑफिसच्या कपाटात जुनं टोपोशीट सापडलं, जमिनीचे चढउतार दाखवणारा सरकारी नकाशा. शहराबाहेरचा हा भाग, कारखाने यायच्या आधीचा. स्टाफ हाउसिंगचा आपला प्लॉट आहे तिथे कंटूरचं, म्हणजे समान उंचीच्या रेषेचं, बंद वर्तुळ, आतून बारीक रेघा टोचलेल्या. म्हणजे खळगा. आमच्या ड्रॉइंगमध्ये तेच वर्तुळ, रेघा गायब. म्हणजे उंचवटा! वर आता सगळा सपाट भराव. उंचवटा, म्हणजे खाली घट्ट जमीन, असं धरून पाया उथळ काढलाय, माती तपासायचे बोअरसुद्धा तिथे घेतले नाहीत. इमारत खचली तर? आत माणसं राहणार आहेत.
रेघा कुणी उडवल्या?

मंगळ., ४
मोईनभाईंना विचारलं. आमचे सीनियर, रत्नागिरीचेच, मला इथे चिकटवलं त्यांनीच.
"कसलं शीट? यल्ला, चल, आटप, गुरुवारी ड्रॉइंगचं सबमिशन आहे. जुन्या कागदांच्या मागे लागू नको."
बोलताना माझ्याकडे बघितलं नाही. दुपारी कपाट उघडलं तर शीट नाही.

बुध., ५
इंटरनॅशनल सिटीपासून त्यांच्याच गाडीतून येते. एरवी डोकं खातात, आज अख्खा रस्ता रेडिओ मोठ्याने लावून. मागच्या सीटवर नकाशे ठेवायचं नळकांडं. परवा नव्हतं. कंत्राटदाराचा माणूस त्यांच्या केबिनमध्ये दोनदा, दार लावून. ज्यांना भाई म्हणते त्यांच्यावर संशय घ्यायची लाज वाटते. तरी घेतेच आहे.
लेकीला सांगितलं. सना म्हणते, "अम्मी, जस्ट आस्क हिम." इथेच आखातात वाढलेली, तिला सगळं सोपं.

गुरु., ६
सबमिशन सोमवारवर गेलं. मो.भाईंनीच ढकललं म्हणे. का?
त्यांना पकडायचं म्हणून सहा वर्षांपूर्वीची मूळ ट्रेसिंगची फाइल उघडली. चेक्ड बाय: मो.भाई. ड्रॉन बाय: मी.
माझा नोकरीतला पहिला महिना. रेघा मीच गाळल्या, कागदावरचा कचरा समजून.

शुक्र., ७
गाडीत शेवटी बोलले. "शीट माझ्याकडे आहे. चौकशी झाली तर ट्रेसिंगखाली तुझं नाव निघणार, म्हणून उचललं. मी पण तेव्हा न बघता सही केली होती."
मी म्हटलं, मग आता सांगून टाकू या ना. तर म्हणे, "दोघांची नोकरी जाईल. सोमवारपर्यंत बघू, इन्शाल्ला."
हे मला वाचवतायत की स्वतःला? तीन दिवस मी त्यांना चोर ठरवत होते.

सोम., १०
मो.भाई आले नाहीत, फोन बंद. मी टॅक्सीने आले.
शीट कपाटात, जागच्या जागी. माझ्या टेबलावर ड्रॉइंग, तेच, बिनरेघांचं. त्यांची सही झालेली आहे. शेजारची माझ्या सहीची जागा कोरी.
दोन वाजता कंत्राटदाराचा माणूस ड्रॉइंग न्यायला येणार. आता सव्वाबारा.