एका बाजूची साल

वहिनी,

आबांना रोज सकाळी चमचाभर अर्जुनसालीचं चूर्ण दुधात उकळून द्या. त्यांच्या छातीला तेच लागू पडतं. साल खोडाच्या एकाच बाजूनं काढायची, दुसरी बाजू झाडाला ठेवायची, ही आबांची शिस्त. भाऊनं व्यापाऱ्यासाठी नदीकाठचं झाड चहूबाजूंनी सोललं. आता ते वाळणार. जाब विचारला तर म्हणे, "झाडले काय दुखस?"

मी कुऱ्हाडीच्या दांड्यानं त्याचा हात मोडला. माफी मागतो ती तुमची, त्याची नाही. मी पाचोऱ्याला मावशीकडे चाललो.

मोडलेलं हाड जुळायलाही हीच साल दुधातून देतात, पण डब्यात उरली ती आबांपुरतीच. भाऊ मागेल तेव्हा त्याला झाडाकडे पाठवा.

लोटन