बिटाचा रस आणि माउथवॉश

दादा,

आज रस काढलेला नाही. मी लॅबला निघालेय. संध्याकाळी तुझी धावण्याची वेळ मोजायला मैदानावरही येणार नाही.

बिटातल्या नायट्रेटचं रूप जिभेवरचे जिवाणू बदलतात, तेव्हा कुठे ते धावताना कामी येतं. माउथवॉशने नेमके तेच जिवाणू मरतात. काल तुझ्या कपाटात टॉवेल ठेवताना माउथवॉशच्या तीन बाटल्या दिसल्या, दोन रिकाम्या. मागे सिगारेटचं पाकीट.

पाच आठवडे तुझी वेळ एका सेकंदानेही सुधारली नाही. मी बीट बदललं, रस वाढवला, नवं स्टॉपवॉच आणलं. तू हसत म्हणायचास, "शास्त्रज्ञबाई, तुमचंच काहीतरी चुकतंय!" आणि मी खरंच वही उघडून माझी चूक शोधत बसायचे. सिगारेट सोडली, असं तू मला सांगितलं होतंस, म्हणून ती शक्यता मी वहीत लिहिलीच नव्हती.

रविवारी तुझी निवड चाचणी आहे. कशी झाली ते मला सांगू नकोस. तू सांगशील ते खरं की खोटं, हे आता मला ओळखता येणार नाही.

छोटी