भुताच्या हातातली दोरी

आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. पार्कात हॅलोविनची, म्हणजे भुतांची जत्रा आहे. मला भूत करून भूतबंगल्याच्या दारात उभं केलंय. हसू नकोस. तिकीट आधीच महाग, त्यावर रांग चुकवायचा पास वेगळा. पासवाले आले की मी दोरी लावून साधी रांग अडवायची.

काल एक बाप लेकीला खांद्यावर घेऊन संध्याकाळभर उभा होता. दोरीपाशी पोचला की नेमके पासवाले यायचे. शेवटी बंद व्हायची घंटा झाली. त्या पोरीने भुतालाच हात जोडले. मला दोरी सोडता आली नाही.

दवाखान्यात तुझा नंबर लागला का गं? मधेच कुणाला आत सोडलं, तर दारावरच्या माणसाला बोलू नकोस.

तुझाच,
धाकटा