अम्मिणीनं मागितलेली पेज

पुत्तनपारा, कण्णूर
मंगळवार, १९ जानेवारी २०१६

प्रिय पवित्रन,

माझं अक्षर पाहून पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील, म्हणून पत्ता श्रीजाकडून लिहून घेतला. श्रीजा म्हणजे माझी सून. तू गाव सोडल्यावर आमच्या घरात आली. आत मात्र मीच आहे, चात्तुकुट्टी. इथवर लेकीकडून वाचून घेतलं असशील तर सप्रेम नमस्कार. मंगळूरची हवा मानवली का? गुडघा काय म्हणतो? तुझी ओमना मोठ्या दवाखान्यात मुख्य नर्स झाल्याचं कळलं. फार बरं वाटलं.

इकडची बातमी म्हणजे माझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. उजवा कधीच कामातून गेलाय. महिनाभर वाचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी त्यांना म्हटलं, त्यापेक्षा जेवण बंद करा. ते हसले, पण ऐकलं नाही.

मग काय, श्रीजा वाचायला लागली. दुपारी भांडी आटोपली की ती पायरीवर बसायची आणि मी खाटेवर. आधी एक रहस्यकथा झाली. खून कुणी केला ते मी तिसऱ्याच दिवशी ओळखलं, आणि ते साफ चुकलं. सात वाजता ती टीव्हीवरची मालिका लावते. मी तोंड भिंतीकडे करून पडतो आणि कान तिकडे ठेवतो. त्या मालिकेतली थोरली जाऊ दागिने कुठे लपवते, याचा मला इतका घोर लागलाय की काल जेवताना विचारलंच. श्रीजा म्हणाली, "बाबा, तुम्ही तर झोपला होता ना?"

खरं सांगू? ऐकणाऱ्याला पुढचं पान दिसत नाही, हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं. आपल्या विड्यांच्या कारखान्यात वीस वर्षं मी स्टुलावर बसून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. सकाळी पेपर, दुपारी कादंबरी. माझ्या वाटच्या विड्या तुम्ही तिघं-चौघं वळून माझ्या सुपात टाकायचात. तू तर सगळ्यात जास्त, आणि दोराही घट्ट बांधायचास. पण तुम्ही खाली मान घालून काय काय सोसत ऐकत असाल, याचा मी कधी विचारच केला नाही. मी आदल्या दिवशी घरी एक प्रकरण पुढचं वाचून यायचो, त्यामुळे मला सगळं ठाऊक असायचं.

रहस्यकथेनंतर श्रीजानं एका म्हाताऱ्या शाळामास्तराची कादंबरी घेतली. मुलगा परदेशी, मास्तर रोज बसथांब्यावर जाऊन बसतो. श्रीजा मोठ्या शब्दांना अडखळते, पण शेवटच्या दिवशी एकदाही अडखळली नाही. शेवटच्या बसनं मुलगा आला, बापाला घरी घेऊन गेला, आणि सुनेनं पेज वाढली. सोबत तारलीचं कालवण, कैरी घातलेलं. पवित्रन, त्याच वेळी आमच्या चुलीवर तेच कालवण रटरटत होतं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

महिना संपला. मी पहिलं तेच पुस्तक उघडलं. मास्तर थांब्यावरच मरतो. मुलगा येत नाही. कालवण तर कुठेच नाही.

मी श्रीजाला हाक मारली आणि पान दाखवलं. ती ओशाळली नाही की काही नाही. म्हणाली, "डोळ्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तुम्ही रडला असता तर?"

मी रागावणार होतो, पण जमलं नाही. परसात गेलो आणि उगाच सुपारीच्या झाडांना पाणी घालत बसलो. तेव्हापासून तुला लिहायचं मनात आहे. मोतीबिंदू, मालिका हे सगळं त्यासाठीच चाललंय, हे तुला एव्हाना कळलं असेल.

एकोणऐंशी साल. आपण नावाड्याची कादंबरी वाचत होतो. नावाड्याची लेक अम्मिणी तापानं फणफणलेली, आणि तुझी सहा वर्षांची ओमना दवाखान्यात, तीही तापानं. पहाटे तिच्याजवळ बसून तू कामावर यायचास. एका सकाळी दारातच मला म्हणालास, "चात्तू, ती पोरगी वाचली तर माझीही वाचेल बघ." मी आदल्या दिवशी घरी पुढचं, शेवटचं प्रकरण वाचून आलो होतो. त्यात अम्मिणी मरते.

मला वाचायला बसवताना युनियनच्या म्हाताऱ्यांनी एकच अट घातली होती: छापलंय तेच वाचायचं, पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही. तीनशे माणसं त्या भरवशावर ऐकायची. त्या दिवशी मी पुस्तक समोर धरलं आणि तोंडाला येईल ते वाचलं. नावाडी पुरातून होडी घालून वैद्याला आणतो. ताप उतरतो. अम्मिणी डोळे उघडून पेज मागते. दोन दिवसांनी ओमनानं खरंच पेज मागितली, तेव्हा तू सगळ्या कारखान्याला केळ्याची भजी वाटलीस. मी चार खाल्ली.

इथवर मला लाज नाही. लाज पुढची आहे.

चौऱ्याण्णव साली वाचनालयात त्याच कादंबरीवर चर्चा होती. तू पन्नास माणसांत उभा राहिलास. शाळेत न गेलेला तू, कानानं ऐकून पुस्तकं पाठ असलेला. म्हणालास, या पुस्तकातली सगळ्यात सुंदर जागा म्हणजे अम्मिणी पेज मागते आणि मीठ जास्त घाला म्हणते ती. पाहुणे प्राध्यापक पानं चाळत म्हणाले, "तुम्ही दुसरंच पुस्तक ऐकलंत वाटतं." सगळे हसले. तू माझ्याकडे पाहिलंस. मी चहाच्या पेल्यात पाहिलं.

एक वाक्य बोलायचं होतं. पण एक प्रकरण बदललं म्हटल्यावर वीस वर्षांतलं बाकीचं कोण खरं मानणार, असं वाटलं. माझं नाव राखायला मी तुला वेड्यात काढू दिलं. तू छत्री उचलून गेलास. महिन्याभरात गावही सोडलंस. मी दोन पत्रं लिहिली आणि दोन्हींत हवापाणी लिहिलं. तू उत्तर दिलं नाहीस, बरोबर केलंस.

परवाच्या रविवारी वाचनालयाचा वार्षिक समारंभ होता. नाटक सुरू व्हायच्या आधी मी परवानगी मागून उभा राहिलो आणि हे सगळं सांगितलं. जुने विड्या वळणारे सात-आठजणच उरलेत. बाकीच्यांना काय चाललंय ते कळेना. शेवटी कौसल्या, जिच्याशी तुझं दोऱ्यावरून सारखं भांडण व्हायचं ती, उठून म्हणाली, "पवित्रन खोटं बोलला नव्हता हे मला ठाऊक होतं. मीही ऐकलं होतं ते. आता वाच परत." मी म्हटलं, ते कुठेच छापलेलं नाही. ती म्हणाली, "मग लिहून काढ."

दोन दिवस बसून लिहिलं. सोबतची चार पानं तीच आहेत. तीही ओमनाकडून वाचून घे. दोन जागा कोऱ्या सोडल्यात, मला आठवत नाहीत. होडी मधल्या प्रवाहात फिरते तेव्हा वैद्य काय म्हणतो? आणि मीठ जास्त घातलेल्या त्या पेजेचा पहिला घोट घेतल्यावर अम्मिणी काय म्हणते? तेव्हा मी बोलत होतो, पण ऐकत तू होतास.

आणखी एक विचारायचं आहे. मी ते वाचत असताना तुझे हात थांबले होते. पूर्ण दिवसात तेवढे एकदाच. मी छापलेलं वाचत नाही, हे तू तेव्हाच ओळखलं होतंस का?

पुढच्या महिन्यात वाचनालयात हे वाचायचं ठरलंय, कौसल्या ऐकायला येणार आहे. कोऱ्या जागा ठेवून मला वाचता येणार नाही. ओमनाला सांगून लिहून पाठव, नाहीतर स्वतःच ये आणि तेवढ्या दोन ओळी तू म्हण. पन्नास माणसांत, उभा राहून. या वेळी मी पेल्यात पाहणार नाही.

ज्याच्या वाटच्या विड्या तू वळल्यास, तो तुझा वाचणारा,
चात्तुकुट्टी