न केलेली सही

ती. बाबांना नमस्कार,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईला एवढंच वाचून दाखवा. पुढचं तुमच्यासाठी आहे.

मंगळवारी एका वैमानिकाने तक्रार केली की उंची दाखवणारा डिस्प्ले विमान उडत असताना दोनदा बंद पडला. आमच्या साहेबांनी पॅनेलवर चापट मारली आणि आकडे परत आले.

"झालं की! दुरुस्त झालं म्हणून कर सही. प्रवासी ताटकळलेत."

मी म्हटलं, "चापट म्हणजे दुरुस्ती नाही."

"तू आम्हाला शिकवणार? किती वर्षं झाली तुला इथे?"

"तीन वर्षं, दोन महिने. सही तुम्ही करा."

त्यांनीही केली नाही. विमान हँगरमध्येच उभं आहे, पण मला मात्र स्टोअरमध्ये बसवलंय. सोमवारी चौकशी आहे, नोकरी जाऊ शकते. माफीचं पत्र त्यांनीच टाइप करून दिलं होतं. मी ते जसंच्या तसं परत केलं.

आपल्या दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक रेडिओवर थाप मारून "चालला, चालला" म्हणायचं, आणि तरी तुम्ही मागचं झाकण उघडायचात. त्यामुळे मला नमतं घ्यायला निदान तुम्ही तरी सांगू नका.

तुमचा गुडघा कसा आहे? आणि दादाने माझ्या खोलीत सामान भरलंय का? सहज विचारलं.

सोमवारी विचारतील, तुला काय म्हणायचंय? मी म्हणणार, आधी झाकण उघडा.

तुमच्याइतकीच हट्टी,
धाकटी